चौतीस नंबरचं लेबल

सोमवार, ४ मार्च

टाचणे,

आशीर्वाद पाठवतेय. ठेवून घ्यायचा की परत धाडायचा, ते तू बघ.

फोन तू उचलत नाहीस. आवाजाचे निरोप पाठवून पाहिले, तेही तू ऐकलेले नाहीस असं खालच्या औषधांच्या दुकानातली बाई म्हणते. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

लिहिणारी तीच, औषधवाली. दुपारी तिच्याकडे गिऱ्हाईक नसतं. मी मशीनवर झाकण घालून खाली येते, औषधांच्या खोक्यावर बसते आणि बोलते. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणे. असेल बाई. मला सगळ्यांचंच अक्षर सारखं दिसतं, मुंग्या निघाल्यासारखं.

बातमी अशी की तुझ्या बापाने डेपोच्या फाटकावर बस घातली. घाबरू नकोस. आत कोणी नव्हतं, बाहेरही कोणी नव्हतं. एक खांब वाकला आणि एक आरसा फुटला. सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं, एवढंच झालं.

(आजी सांगतात तसं लिहिते आहे. डेपोच्या फाटकावर सकाळी ऊन नसतं. – औषधवाली)

ही काय लिहून राहिली मधेच, कोण जाणे. तर डेपोच्या साहेबांनी त्याला घरी बसवलंय आणि डॉक्टरकडून कागद आण म्हणून सांगितलंय. तीन वर्षांपूर्वी तू जेवताना जे बोललीस, त्याचा याच्याशी संबंध लावू नकोस. तो ठणठणीत आहे. जिना चढताना दोनदा थांबतो, पण तो मुळातच बोलका, उभा राहून बोलतो. पाणी फार पितो, पण पाणी पिणं चांगलंच. दिवसा खुर्चीत बसल्याबसल्या डोळा लागतो आणि असा घोरतो की मला वाटतं माझी मशीन कोणीतरी चालवतंय. मग एकदम आवाज बंद होतो. मी हातातली सुई तशीच धरून बसते. पुन्हा सुरू झाला की टाका घालते.

तू नर्स आहेस, तुला डॉक्टरांचे कागद कळतात. दोन दिवस येऊन जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी दोघींचं बोलेन, मला जमतं.

तुझी आजी


मंगळवार, १२ मार्च

टाचणे,

पहिलं पत्र पोचलं असेल. त्यातलं ऊन खोटं होतं. त्याला झोप लागली होती. स्टेअरिंगवर हात, पाय ब्रेककडे जाता जाता राहिला. त्याच्या आधीच्या फेरीत बसमध्ये एकेचाळीस माणसं होती. हा आकडा तो स्वतःच सांगतो, दिवसातून दोनदा, कोणी विचारलं नसताना.

काल त्याला दवाखान्यात नेलं. म्हणजे त्याने मला नेलं असं तो सांगत होता. डॉक्टर बाई आहेत, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आधी वजन घेतलं, मग उंची, मग एकाला दुसऱ्याने भागलं आणि पुन्हा भागलं. मला भागाकार येत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर बाकी किती उरली ते दिसलं. रक्तदाब चढलेला. साखर चढलेली. घोटे सुजलेले, बोट दाबलं की खड्डा राहतो. मी म्हटलं, "उभा राहून राहून सुजले असतील." डॉक्टर म्हणाल्या, "आजी, ते दिवसभर बसूनच असतात ना?"

त्यांनी सगळं नीट सांगितलं, तुला माहीतच असणार. पोटाची चरबी नुसती बाहेर लोंबत नाही, आत काळजाभोवती, यकृताभोवतीही बसते. तिच्यामुळे साखर अंगाला लागत नाही, रक्तातच फिरत राहते. गळ्यात मांस वाढलं की झोपेत श्वासाची वाट बंद होते, माणूस रात्रीतून शंभरदा अर्धवट जागा होतो आणि सकाळी त्याला वाटतं आपण आठ तास झोपलो. मग दिवसा गाडीवर झोप येते. पुढे हृदय, मेंदू, गुडघे, कशाचाही नंबर लागू शकतो.

मला वाटलं आता त्या त्याला रागावतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हा आळस नव्हे, हा आजार आहे. बसून काम, वेळीअवेळी पाळ्या, तुटलेली झोप, मिळेल ते खाणं, घराण्याची ठेवण, सगळं मिळून होतो. आणि एकदम बारीक व्हायचंही नाही. वजनाचा विसावा हिस्सा उतरला तरी साखर-दाब ऐकायला लागतात."

तर तुझा बाप काय म्हणाला असेल? म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या काट्यात बिघाड असेल. माझी कंबर वीस वर्षं चौतीस आहे." आणि उभं राहून, पट्टा सोडून, विजारीचं लेबल उलटून दाखवलं त्यांना. तुला दाखवलं होतं तसंच.

डॉक्टरांनी टेप घेतली आणि शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावली. टेप पुरली, पण कशीबशी. तो हसला. "टेप वर लावलीत तुम्ही. विजार खाली असते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मी शिवणकाम करते हे कळलं होतं, मीच सांगितलं होतं बढाई मारत. मी फरशी बघत बसले. चांगली फरशी आहे त्यांच्याकडे, पांढरी, कडेला एक तुकडा उडालेला. मला गप्प बसता येतं हे तुला पहिल्यांदाच कळत असेल.

आता एक तपासणी करायची आहे, झोपेची. २८ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी जायचं, तारा लावून तिथेच झोपायचं, सकाळी परत. त्यावरून झोपताना लावायचं यंत्र देतील. तपासणी केली नाही तर गाडी मिळणार नाही, आणि डॉक्टर म्हणाल्या, गाडीचं सोडा, असा श्वास थांबत राहिला तर एखाद्या दिवशी नाडीच चुकेल. तो म्हणतो जाणार नाही. चौतीस कंबरेच्या माणसाला कसली तपासणी.

मी अजून एक गोष्ट लिहायला सांगणार होते. औषधवालीकडे गिऱ्हाईक आलंय, राहू दे.

तुझी आजी

(गिऱ्हाईक आलेलं नाही.)


गुरुवार, २१ मार्च

टाचणे,

तुझं उत्तर आलं. तीन वर्षांनी पाकीट आलं आणि आत एकच ओळ. औषधवालीने दोनदा वाचून दाखवली, मला वाटलं ती काही गाळतेय.

"आजी, बाबांची दोरी कुठे आहे?"

तू लहानपणी त्या दोऱ्यांशी खेळायचीस. औषधवालीला माहीत नाही म्हणून तिच्यासाठी सांगते, तू वाचू नकोस हवं तर. मला आकडे येत नाहीत. म्हणून मी गिऱ्हाइकाला टेप लावत नाही. प्रत्येकाची एक दोरी असते, कंबर तिथे एक गाठ, छाती तिथे दोन, बाहीला तीन. दोऱ्या भिंतीवर खिळ्यांना. कुठली कोणाची ते मला रंगावरून कळतं. कोणी जाड झालं की जुन्या गाठीच्या पुढे नवी गाठ. एकेका दोरीवर माणसाचं सगळं आयुष्य असतं. एक शाळामास्तरीण यायची माझ्याकडे. तिच्या दोरीवर मी चौथी गाठ मारताना म्हटलं होतं, "बाई, आता दोरी संपली, दोरखंड आणा." चार बायका बसलेल्या होत्या. सगळ्या हसल्या, तीही हसली. पुन्हा आली नाही. डॉक्टर परवा म्हणाल्या की चिडवलेली माणसं दवाखान्यात यायची पण थांबतात, आजार अंगावर काढतात. त्या मास्तरणीची दोरी अजून खिळ्यावर आहे. जांभळी.

हे तुला का सांगतेय? लांबण लावतेय, दुसरं काय.

त्या दिवशी तू वजनकाटा घेऊन आलीस, त्याच्या पन्नाशीला. मी म्हटलं होतं, मुलीने बापाला पाय ठेवायला काटा आणलाय. तू म्हणालीस, "बाबांचं वजन फार वाढलंय, तपासून घ्या." तो म्हणाला, कुठे वाढलंय, बघ लेबल. तू माझ्याकडे वळलीस. "आजी, बाबांची दोरी काढ, दोरी खोटं बोलत नाही." मी म्हटलं, दोरी उंदराने नेली.

उंदराने नेली नव्हती. मशीनच्या खणात होती, बॉबिनच्या डब्याखाली. अजून तिथेच आहे. तिच्यावर कंबरेच्या अकरा गाठी आहेत.

तुझी आई गेली त्या वर्षी तो दिवसपाळीवरून येऊन बसायचा आणि खायचा. दुसरं काही करायला त्याला सुचत नव्हतं, आणि मला वाढण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. एकदा सकाळी वर्दीची विजार घेऊन तो बाजेवर बसला होता. बटण लागत नव्हतं. म्हणाला, "आई, डेपोत मला पिंप म्हणतात." एवढंच. दुसऱ्या जुन्या विजारीवर गेला. मी दिवसभरात मागची शिवण उसवली, आत दोन बोटं कापड दाबलेलं होतं, ते सोडलं, पुन्हा शिवली, इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी त्याने घातली. बटण लागलं. आरशात बघून तो इतक्या दिवसांनी हसला. मी काय करायला हवं होतं सांग. मी स्वतःवर खूष झाले.

मग ते लागलंच. दर दोन-चार महिन्यांनी मी गुपचूप उसवायची. आतलं कापड संपलं तेव्हा जुन्या वर्दीतला त्रिकोणी तुकडा मागे लावला, शर्टाखाली दिसत नाही. कंबर बोटभर पुढे गेली की दोरीवर एक गाठ मारायची आणि खणात ठेवायची. मला माहीत होतं, टाचणे. घरात मला एकटीला माहीत होतं. आणि तू बरोबर बोलत होतीस तेव्हा मी उंदीर पुढे केला.

हे पत्र वाचून झालं की जाळ. बापाला कळवू नकोस. त्याला वाटू दे.

तुझी आजी

(ताई, हे पत्र मी पोस्टात टाकते आहे कारण आजींनी सांगितलं. पण मी त्यांना म्हटलं, पुढचं पत्र मी लिहिणार नाही. आजी म्हणाल्या, "मग कोण लिहिणार, उंदीर?" मी म्हटलं, ज्याचं आहे तो. घरात एक शिकलेला माणूस दिवसभर रिकामा बसलेला आहे. त्या रागावून वर गेल्या, खोक्यावर चष्मा विसरून. – औषधवाली)


सोमवार, २५ मार्च

टाचणे,

हे अक्षर वेगळं दिसेल. तुझ्या बापाचं आहे. त्याला मी सांगितलंय, मी बोलते तसं लिही, मधे तू काही बोललास तर तेही लिही, आणि पेन खाली ठेवायचं नाही. तो म्हणतो, "आई, मी काय कारकून आहे?" लिही तेही.

चार दिवस माझं धाडस झालं नाही. आता ऐक. म्हणजे तू वाच, आणि हा ऐकेल.

मागच्या पत्रात तुला दोरीचं सांगितलं. कुठली दोरी, असं हा विचारतोय. तुझीच रे. खणात आहे. काढ. नाही, आधी लिही, मग काढ.

मी अठरा वर्षं तुझ्या विजारी उसवत आले. एकेका विजारीला मागून तुकडे आहेत. तू पाठीमागे बघत नाहीस, पुरुष बघत नाहीत. तो लिहितोय. मधेच हात मागे नेऊन शिवण चाचपतोय. लिही, "चाचपतोय."

आता मागच्या पत्रात जे सांगितलं नाही ते. डेपो दर दोन वर्षांनी तयार वर्दी देतो. पहिल्यांदा मोठ्या मापाची मागावी लागली तेव्हा मीच डेपोत जाऊन कारकुनाला सांगितलं, मोठी द्या, घरी कोणाला बोलू नका. घरी आणून तिचं मोठ्या मापाचं लेबल उसवलं. तुझ्या लग्नातल्या विजारीचं लेबल माझ्याकडे होतं, चौतीसचं. मला वाचता येत नाही, पण दिसतं कसं ते माहीत होतं. आधी एक कान, मग उलटी ठेवलेली खुर्ची. ते मी नव्या विजारीला शिवलं. ती विटली की लेबल काढून पुढच्या विजारीला. सात विजारी. लेबल तेच. मी आयुष्यात एक अक्षर लिहिलं नाही, आणि एकदाच काही लिहून दाखवलं तर ते हे.

डॉक्टरांपुढे तू पट्टा सोडलास तेव्हा मला वाटलं ती फरशी फाटावी.

आणि तुझ्या मुलीला मी भरल्या ताटावर काय म्हटलं ते तूही ऐकलंस. ती खरं सांगत होती, आणि मी म्हटलं, "तुझी आई असती तर अशी लेक बघून तिला लाज वाटली असती." ती हात न धुता उठली. तिच्या आईला माझीच लाज वाटली असती. हे लिही. थांबलास का? पेन खाली ठेवायचं नाही म्हटलं होतं.


आता मी लिहितो आहे, बेटा. आई बाजूला आहे, तिला मी काय लिहितो ते वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवत दाखवत लिहितो.

मला माहीत होतं.

वर्दी कारखान्यात शिवतात. कारखान्याची मशीन लेबलाला सरळ टाका घालते. हे लेबल चारी कोपऱ्यांना हाताने टाचलेलं होतं, आणि कोपऱ्यावर दोरा उलटा वळवून गाठ. अशी गाठ माझ्या शाळेच्या दप्तराला होती. मी शिवणकामवालीच्या पोटी जन्मलो, मला तिचा टाका कळणार नाही? सैल झालेली शिवणही कळली होती, लेबलही पहिल्या वेळीच कळलं. वाटलं, तिला बरं वाटतंय तर वाटू दे. मग वाटलं, मलाही बरं वाटतंय. मग विचार करायचंच सोडलं. पट्टा पोटाखाली घ्यायला लागलो की चौतीस खरंही वाटायचं.

आई विचारतेय, "अठरा वर्षं?" हो, अठरा वर्षं. ती म्हणते, "मग मी रात्रंदिवस डोळे फोडून कशाला शिवत होते, मेल्या?" हे तिने लिहायला सांगितलं नव्हतं, मीच लिहिलं.

तू काटा आणलास त्या दिवशी मी लेबल उलटून दाखवलं, तेव्हाही मला माहीत होतं ते कोणाचे टाके आहेत. आई खोटं बोलली ते मला वाचवायला. मी खोटं बोललो ते तुला खोटं पाडायला. तू माझ्याकडे बघत होतीस, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी हसलो. मला तेवढं एकच दिसतं आता, गाडी फाटकाला लागली तेव्हाही तेच दिसलं. तुझ्यासमोर उभा राहून हसलेला मी.

दोरी काढली. आईने टेकून उभं राहायला सांगितलं आणि डॉक्टरांनी लावली होती तिथे धरली, बरगडी आणि हाडाच्या मधे. मी सवयीने पोट आत घेतलं. ती म्हणाली, "सोड श्वास. मला बघू दे तू कुठे आहेस." मी सोडला. अकराव्या गाठीच्या पुढे चार बोटांवर तिने बारावी मारली. बराच वेळ लागला तिला, तिचा चष्मा औषधवालीकडे राहिलेला.

तपासणी गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता. जाणार आहे. आई बरोबर येते म्हणते, तिथे नातेवाईकाला बसू देतात. डेपोतही सांगितलं खरं काय ते. साहेब म्हणाले यंत्र मिळाल्यावर डॉक्टरांचा कागद आणा, मग बघू. तोवर फाटकावर नोंदी लिहायला बसणार आहे, वाकलेल्या खांबाशेजारीच.

तू यावंस असं मी म्हणत नाही. तुझा काटा कपाटावर आहे, आई त्यावर इस्त्री ठेवते. आज खाली काढला. बॅटरी गेलेली आहे. उद्या आणतो.

बाबा


पुन्हा मी, टाचणे. लिहिणारा तोच.

याने तुला क्षमा मागितली की नाही, मला कळत नाही, पुरुषांची अशीच असते, आडवळणाची. माझी सरळ घे. मी खोटं बोलले, आणि तुझ्या आईचं नाव मधे घातलं. माफ कर किंवा करू नकोस, पण मी म्हटलं एवढं लक्षात ठेव.

पाकिटात काहीतरी टोचेल, ते लेबल आहे. टाचणी लावून पाठवलंय, हरवू नये म्हणून. आज दुपारी उसवायला बसले. वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम. पण टाके माझेच, अठरा वर्षं घट्ट घालायची सवय. सुटता सुटेनात.

तुझी आजी